सांबरा ते उजळाईवाडी: आकाशातले ९६ किलोमीटर

बेळगावचा विमानतळ सांबऱ्याला आणि कोल्हापूरचा उजळाईवाडीला. मधे एक राज्याची हद्द, काही नद्या आणि दोन घाट. तिकिटाच्या संकेतस्थळांवर या दोन नावांमधलं अंतर आणि 'उड्डाणाचा वेळ' शोधला की कुठे बारा मिनिटं दिसतात, कुठे पाच तास. दोन्ही आकड्यांमागे हिशोब आहे आणि दोन्ही आपल्या कामाचे नाहीत. कामाचा आकडा काढायला तीन दिवस पुरतात: एक सांबऱ्यात, एक हायवेवर आणि एक घाटाखाली, गोव्यातल्या मोप्याच्या विमानतळाला.

दिवस पहिला: सांबरा

बेळगावच्या सीबीटीवरून, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकावरून, सांबऱ्याला सिटी बस जाते. पाटी कन्नडमध्ये असते, म्हणून वाचता येत नसेल तर कंडक्टरलाच 'सांबरा काय?' म्हणून विचारावं. अंतर दहा-अकरा किलोमीटर. रिक्षाने किंवा गाडीने पंचवीस मिनिटं धरावीत, पण सकाळी नऊ ते अकरा चाळीस धरावीत. विमानतळ शहराच्या पूर्वेला बागलकोट रस्त्यावर आहे आणि शहरातून बाहेर पडेपर्यंतच निम्मा वेळ जातो. बस गावात सोडते, टर्मिनलच्या दारात नाही. मोठी बॅग असेल तर हे आधी लक्षात घ्यावं.

तिकीट शोधताना 'बेळगाव' टाकून काही ठिकाणी काहीच येत नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, काही याद्यांत अजून जुनंच आहे. सरळ 'आयएक्सजी' हा कोड टाकावा. कोल्हापूरचा 'केएलएच'.

ही धावपट्टी १९४२ ची, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने बांधलेली. शेजारी वायुदलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे कुंपणाजवळ उभं राहून फोटो काढण्याच्या भानगडीत पडू नये. आत्ताचं टर्मिनल सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालं. धावपट्टी २३०० मीटर लांब आणि पूर्व-पश्चिम: एका टोकाला ०८, दुसऱ्याला २६ लिहिलेलं. याचा अर्थ विमान ८० अंशांकडे किंवा २६० अंशांकडे तोंड करून धावतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून उड्डाण बहुधा २६ वरून, शहराच्या दिशेने. हिवाळ्यात वारा फिरला की उलट. हे लक्षात ठेवावं, पुढच्या हिशोबात लागणार आहे.

आता अंतर. कागद-पेन्सिल पुरते. सांबऱ्याचे अक्षांश १५ अंश ५१.५ मिनिटं, रेखांश ७४ अंश ३७ मिनिटं. उजळाईवाडीचे अक्षांश १६ अंश ४० मिनिटं, रेखांश ७४ अंश १७.४ मिनिटं. अक्षांशातला फरक ४८.५ मिनिटांचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, वैमानिक मोजतात तोच मैल, १.८५२ किलोमीटरचा. म्हणजे उत्तरेकडे ४८.५ मैल. रेखांशातला फरक १९.६ मिनिटांचा, पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून आपल्याकडे त्याला ०.९६ ने गुणायचं: पश्चिमेकडे १८.८ मैल. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, तिचं वर्गमूळ: ५२ मैल. गुणिले १.८५२, झाले ९६ किलोमीटर. सातवीच्या पायथागोरसपलीकडे यात काही नाही. घोटाळा होतो तो ०.९६ ने गुणायचं विसरल्यावर किंवा अंश-मिनिटांना दशांश समजल्यावर. १५ अंश ५१ मिनिटं म्हणजे १५.५१ नव्हे, १५.८५. या एका चुकीने विमानतळ अडतीस किलोमीटर दक्षिणेला, धारवाडच्या अक्षांशाजवळ सरकतो.

संकेतस्थळांवरची बारा मिनिटं येतात ती ९६ ला विमानाच्या वेगाने भागून. एटीआर ७२ हे पंख्याचं लहान विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे साडेअकरा मिनिटं. हे गणित एसटीच्या सर्वाधिक वेगाने बेळगाव ते निपाणीचा वेळ काढण्यासारखं आहे. विमान त्या वेगाला पोचेपर्यंत उतरायची वेळ झालेली असते.

खरा हिशोब असा. चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून ठोकळे पुन्हा लावेपर्यंतचा वेळ धरतात. त्यालाच 'ब्लॉक टाइम' म्हणतात आणि वेळापत्रकात तोच छापलेला असतो. सांबऱ्याला इंजिनं सुरू करून धावपट्टीच्या टोकापर्यंत जायला सात-आठ मिनिटं, कारण लहान विमानतळावर धावपट्टीवरूनच मागे जाऊन टोकाला वळावं लागतं. २६ वरून उडालं की उजवीकडे जवळजवळ ऐंशी अंश वळण, कारण उजळाईवाडी ३३८ अंशांवर, उत्तरेच्या किंचित पश्चिमेला आहे. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे २४९० फुटांवर, तिथून नऊ हजार फुटांपर्यंत चढायला पाच-सहा मिनिटं आणि तेवढ्यात पंधराएक मैल संपतात. उतरताना दर हजार फुटांना तीन मैल लागतात. उजळाईवाडी सुमारे दोन हजार फुटांवर, म्हणजे सात हजार फूट उतरायला एकवीस मैल. ५२ मधून १५ आणि २१ गेले, उरले १६. सपाट, पूर्ण वेगाचं उड्डाण तेवढंच, चार मिनिटांचं. त्यापुढे वेग कमी करणं, धावपट्टीच्या रेषेत येणं, चाकं काढणं, उतरणं, टर्मिनलपर्यंत येणं. सगळं मिळून पस्तीस मिनिटं, वारा किंवा रांग आडवी आली तर चाळीस.

म्हणजे अंतर दुप्पट झालं तरी वेळ दुप्पट होत नाही. सांबरा ते मुंबई सरळ रेषेत ४०३ किलोमीटर, उजळाईवाडी ते मुंबई ३०८. फरक ९५ किलोमीटरचा, पण आकाशात तो दहा-अकरा मिनिटांत संपतो. चढणं-उतरणं दोन्हीकडे तेवढंच.

पाच तासांचा आकडा कुठून आला? थेट विमान नसलं की संकेतस्थळ हैदराबाद किंवा बंगळूरमार्गे जोडणी दाखवतं. सांबरा ते हैदराबाद ४३४ किलोमीटर, तिथून उजळाईवाडी ४४५. ९६ किलोमीटरसाठी ८७९. वर हैदराबादला बसून राहायचं ते वेगळं. यंत्राला दोन टोकं जोडायला सांगितली, त्याने जोडली.

थेट विमान का नाही याचं एक साधं कारण उडान योजनेच्या, म्हणजे लहान शहरांच्या विमानसेवेला अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेच्या, नियमात होतं. २०१६ मधल्या पहिल्या नियमांत विमानासाठी २०० ते ८०० किलोमीटरचे मार्गच अनुदानाला पात्र होते, डोंगराळ आणि दुर्गम भाग वगळता. ९६ त्यात बसतच नाही. आणि अनुदान असतं तरी ते तीन वर्षांचं. ते संपलं की लहान विमानतळांवरचे मार्ग गळायला लागतात, म्हणून मागच्या वर्षीचं वेळापत्रक पाहून यंदाचं लग्न ठरवू नये.

टर्मिनलमध्ये जाताना दोन गोष्टी. चेक-इन बॅग बहुतेक तिकिटांवर १५ किलो, हातातली ७. कुंद्याचा डबा हातात न्यायला सहसा अडचण येत नाही, पण लाल तिखट, कांदा-लसूण चटणी, मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत सापडलं की बाजूला काढायला लावतात. ते चेक-इनमध्ये टाकावं, दोन पिशव्यांत बांधून. पॉवर बँक मात्र उलटी: ती हातातच हवी, चेक-इनमध्ये चालत नाही. एटीआरला चढायचं दार मागे असतं आणि सामानाची जागा पुढे. म्हणून म्हातारी माणसं बरोबर असतील तर मागच्या रांगेतल्या जागा घ्याव्यात, चढउतार लवकर होते. पंख वर असल्याने खालचं दृश्यही सगळ्यांनाच दिसतं.

दिवस दुसरा: हायवे

पहाटे साडेसहाला बेळगावातून निघावं. पुणे-बंगळूर महामार्ग, जुना एनएच ४, आता ४८. शहराच्या टोकाला काकती, मग वंटमुरीचा घाट. घाट म्हणायला लहान, पण सकाळी धुकं आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टर, दोन्ही इथेच गाठ पडतात. मागे दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर चढावर ताशी दहाच्या पुढे जात नाही आणि त्याला मागे दिवा नसतो. ऑक्टोबर ते मार्च या मार्गावर अंधारात गाडी चालवणाऱ्याने हे पाठ करावं.

हत्तरगीचा टोल, मग संकेश्वर, हिरण्यकेशी नदी. पुढे तवंदीचा घाट उतरला की निपाणी. बेळगाव ते निपाणी साधारण ७५ किलोमीटर, मधे चहा घेऊन दीड तास. इथे नकाशा उघडून कालची सरळ रेषा त्यावर ठेवावी. रेषा संकेश्वरच्या तीनेक किलोमीटर पश्चिमेकडून जाते आणि निपाणीच्या जवळजवळ डोक्यावरून. हायवे त्या रेषेला चिकटूनच चालतो. म्हणून आकाशातून ९६ आणि रस्त्याने सुमारे ११०, फरक पंधरा टक्क्यांचा. विमानाला इथे वाचवायला काही उरलेलंच नाही. रेल्वेने मात्र मिरजेचा वळसा पडतो आणि अंतर १८५ च्या घरात जातं. तिरुपती-कोल्हापूर हरिप्रिया बेळगावहून याच वळशाने कोल्हापूरला पोचते.

निपाणीच्या पुढे यमगर्णीला वेदगंगेचा पूल आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात इथे हायवेवर पाणी आलं आणि वाहतूक थांबली. विमानाच्या प्रवाशाला याचा अर्थ असा: महापूर आला की निपाणीकराला तीस किलोमीटरवरचं उजळाईवाडी तुटतं आणि पंच्याऐंशी किलोमीटरवरचं सांबरा उरतं. पर्यायी रस्ते सगळे त्याच नद्यांवरून जातात, तेही बुडतात. जुलै-ऑगस्टचं तिकीट असेल तर दोन दिवस आधीपासून धरणांतून किती विसर्ग चाललाय ते बघत राहावं.

कोगनोळीचा टोल कर्नाटकातला शेवटचा. दूधगंगा ओलांडली की कागल, महाराष्ट्र. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या एसटी इथवरच येतात. प्रवासी बॅगा घेऊन चालत हद्द ओलांडतात आणि पलीकडची बस पकडतात. १ नोव्हेंबरला आणि बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन असताना विमान गाठायचं असेल तर बसवर विसंबू नये. महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामाने वळणरस्तेही लागतात. त्यासाठी वीस मिनिटं वेगळी धरावीत.

कागलनंतर गोकुळ शिरगावची एमआयडीसी आणि लगेच उजळाईवाडी. विमानतळ येताना उजव्या हाताला, म्हणजे हायवेच्या पलीकडे. उड्डाणपुलाखालून वळायचं चुकलं तर पुढे जाऊन परत यावं लागतं आणि शिफ्ट सुटायच्या वेळी त्यात पंधरा मिनिटं जातात. बेळगाव सोडल्यापासून इथवर सव्वादोन तास, सांबऱ्याहून थेट निघालं तर अडीच.

हा विमानतळ जानेवारी १९३९ मध्ये राजाराम महाराजांच्या काळात सुरू झाला. सांबऱ्यापेक्षा तीन वर्षांनी जुना. धावपट्टी कित्येक वर्षं १३७० मीटरचीच होती, नंतर वाढवली. रात्री विमान उतरवण्याची सोयही उशिरा झाली. नवं टर्मिनल मार्च २०२४ चं. धावपट्टीची लांबी प्रवाशाला का कळावी? कारण तिच्यावरून त्याची बॅग ठरते. एप्रिल-मेच्या दुपारी हवा तापून विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनंही कमी ओढतात. धावपट्टी आखूड असेल तर वजन कमी करण्यावाचून इलाज नसतो. मग काही बॅगा मागे राहतात आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानाने येतात. पावसात ओल्या धावपट्टीवर थांबायला जास्त लांबी लागते: कोरड्यापेक्षा १५ टक्के जास्त धरण्याचा नियम आहे. म्हणून उन्हाळ्यात सकाळचं विमान घ्यावं. आणि औषधं, चार्जर, एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेत ठेवावा, मग बाकीची बॅग राहिली तरी रात्र निभते.

सकाळच्या विमानाचं दुखणं वेगळं: नोव्हेंबर ते जानेवारी धुकं. मोठ्या विमानतळांवर यंत्राच्या आधाराने खाली धावपट्टीपर्यंत येता येतं, लहान ठिकाणी वैमानिकाला धावपट्टी बरीच आधी डोळ्यांनी दिसावी लागते. नाही दिसली तर विमान वर घिरट्या घालतं, एक फेरी साधारण चार मिनिटांची. पाच-सहा फेऱ्यांनी निभावलं नाही तर दुसऱ्या विमानतळावर जातं. प्रत्येक विमान पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन आणि वर अर्ध्या तासाचं राखीव घेऊनच निघतं, तेव्हा 'पेट्रोल संपेल काय' ही काळजी नको. काळजी करायची ती पुढच्या जोडणीची. लहान विमानतळावरून पुढचं विमान पकडायचं असेल तर मधे निदान तीन तास ठेवावेत. दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर असावीत, नाहीतर पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याचे पैसे आपले.

परतीच्या वाटेवर निपाणीत भडंग खाता खाता एक गंमत ध्यानात येते. निपाणी कर्नाटकात, पण तिचा विमानतळ उजळाईवाडी: पाऊण तास. चंदगड महाराष्ट्रात, पण त्याचा विमानतळ सांबरा. शिनोळीवरून बेळगाव गाठायचं आणि शहर पार केलं की झालं, कोल्हापूरला जायचं तर याच्या दुप्पट अंतर. चिक्कोडीला उजळाईवाडी जवळ. संकेश्वर आणि गडहिंग्लज मधोमध. तिथल्या माणसाने अंतर न बघता कुठून थेट विमान आहे ते बघावं, कारण मुंबईच्या बाबतीत हवेतला फरक दहा मिनिटांचाच आहे.

दिवस तिसरा: घाटाखाली

मोपा सांबऱ्यापासून सरळ रेषेत ८२ किलोमीटर, म्हणजे उजळाईवाडीहूनही जवळ. जानेवारी २०२३ पासून तिथून प्रवासी विमानं सुटतात आणि खानापूर-बेळगावची माणसं तिकडे वळू लागली. तिकीट स्वस्त दिसतं, शहरं जास्त. पण इथे रस्ता रेषेला चिकटून चालत नाही. जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली आणि पुन्हा उत्तरेला पेडण्याकडे. ८२ चे दीडपट होतात आणि वेळ तीन तास. पावसाळ्यात साडेतीन धरावेत: घाटात ढग गाडीच्या बॉनेटवर बसतात, रस्ता उखडलेला असतो आणि समोरून ट्रक आला तर एकाने थांबायचं असतं. कणकुंबीनंतर मोबाईलला रेंज टिकत नाही, त्यामुळे बोर्डिंग पास आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा. तिलारीचा घाट नकाशात जवळचा दिसतो, पण चढ तीव्र आणि वळणं इतकी आखूड की नवख्या हाताने रात्री तिकडे जाऊ नये.

तिकिटात दोन हजार वाचले आणि टॅक्सीत चार गेले असं मोप्याच्या बाबतीत हमखास होतं. चौघं असतील तरच ते परवडतं.

हुबळी उरली. सांबऱ्याहून सरळ रेषेत ७५ किलोमीटर, रस्ता कित्तूर-धारवाडवरून शंभराच्या आत, त्याच ४८ नंबरच्या हायवेने. उजळाईवाडी, सांबरा आणि हुबळी हे तिन्ही विमानतळ जवळजवळ एका ओळीत आहेत, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत १६८ किलोमीटर. सांबऱ्यावर ढग उतरले की इथलं विमान कधी हुबळीला जातं. तिथे उतरल्यावर विमान कंपनी बस देईल का, हे दारातच विचारून घ्यावं. नाही म्हणाले तर वाट बघत बसू नये. धारवाडवरून बेळगावला बस सतत असते, दोन-अडीच तासांत घरी.